कोरडी केलेली जागा

तिनं दार लोटलं, चपला कोपऱ्यात सरकवल्या, पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "निलगिरी तोडलीत वाटतं."

प्रश्न नव्हता तो. दूध नासलंय असं सांगावं, तितक्या साध्या आवाजात ते म्हणाले होते. ती एक हात भिंतीला टेकवून तिथंच उभी राहिली. बाबांच्या डोळ्यांपुढे गेली काही वर्षं नुसता उजेड आणि अंधार उरला होता, मधलं सगळं पुसलं गेलं होतं. घरात जे जे घडतं ते त्यांना आवाजावरून आणि वासावरून कळतं, याची तिला इतकी सवय झाली होती की नेमकं तेच ती विसरली होती. तिनं बाही नाकाशी नेली. काहीच आलं नाही. दिवसभर त्या वासात उभं राहिल्यावर नाकाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"साइटवर आहेत काही झाडं," ती म्हणाली.

"आहेत की होती?"

"होती."

बाबांची देखभाल करणाऱ्या मावशी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. "मला तर बामाचा वास आला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ताईंना सर्दी झालेली दिसतेय." त्यावर कोणी हसलं नाही. बाबांनी कप घेतला, बशीचा काठ अंगठ्यानं चाचपला आणि चहावर फुंकर घातली. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. उत्तर तिच्याजवळ केव्हापासून तयार होतं, कारणांसकट नीट बांधून ठेवलेलं. पण न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे आपणच गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, आणि हा गुन्हा आहे असं तिला वाटत नव्हतं. आपल्याला नेमकं काय वाटतंय हे तिनं क्षणभर चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. थोडी भूक होती. पाय दुखत होते.

अंघोळीला गेल्यावर गरम पाणी डोक्यावरून ओतलं, तसा तो वास एकदम उसळला, केसांतून, नखांतून, कोपराच्या वळ्यांतून. सगळी न्हाणी त्यानं भरून गेली. लहानपणी बाबा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्याआधी हा वास घरात शिरायचा. खाकी शर्ट, मानेभोवतीचा रुमाल, सगळ्याला तोच वास. कितीतरी दिवस तिला वाटायचं की बाबांच्या अंगालाच असा वास असतो, जसा काहींच्या अंगाला साबणाचा असतो, काहींच्या तंबाखूचा. मग एकदा शाळेतून येताना औषधाच्या दुकानात ती आत्याबरोबर थांबली होती, दुकानदारानं कुठल्याशा बाटलीचं बूच काढलं, आणि कोणीतरी बाबांना बाटलीत भरून विकायला ठेवलंय असं वाटून ती रडायला लागली. आत्या दुकानदाराला म्हणाली होती, "हिला आई नाही ना, म्हणून." जणू त्यानं सगळंच उलगडत होतं. आत्या सगळं तसंच उलगडायची. तिनं डोक्यावर आणखी पाणी ओतलं, दोनदा साबण लावला, आणि बाहेर आली तेव्हा बाबा झोपायच्या तयारीला लागले होते.

ती आराखडे करायची, पण इमारतींचे नव्हे, जमिनीचे. उतार कुठं धरायचा, पाणी कुठून कुठं न्यायचं, कुठल्या झाडाच्या सावलीत काय तगेल, माणसं कुठून चालतील आणि कुठं न सांगता थांबतील, हे तिचं काम. शहराच्या कडेला, जिथं रस्ते रुंद होत होत शेवटी नुसतं पट्टे मारलेलं डांबर होऊन संपत होते, तिथल्या सखल जमिनीवर मोठं उद्यान-प्रदर्शन भरायचं होतं. देशोदेशीची दालनं, काचघरं, फुलांचे ताटवे, लाखांनी येणारी माणसं. सहा महिने हा सगळा थाट आणि मग मागं उरणारं उद्यान. अशी प्रदर्शनं झाल्यावर काय उरतं हे तिनं ठिकठिकाणी जाऊन पाहिलं होतं. सुकलेली कारंजी, दालनांचे गंजलेले सांगाडे, पाण्याचे टँकर थांबले त्याच महिन्यात पिवळी पडलेली हिरवळ. म्हणून आराखड्याच्या पहिल्याच पानावर तिनं लिहिलं होतं, की इथं जे आणायचं त्याला सहा महिन्यांनंतरही इथं राहायला काही कारण असलं पाहिजे, नसेल तर ते उचलून नेता आलं पाहिजे. दालनं खिळे न ठोकता जोडायची आणि तशीच सोडवायची. वाटा लाकडाच्या भुशाच्या आणि जुन्या फरश्यांच्या तुकड्यांच्या. पाणी बाहेरून आणायचं नाही; छपरांवर आणि गाड्यांच्या तळावर पडेल तेवढा पाऊस लव्हाळ्यांच्या पट्ट्यांतून गाळत गाळत खाली न्यायचा, आणि सगळ्यांत खालच्या जागी, जिथं पाण्याला आपोआप जावंसं वाटतं, तिथं उथळ पाणथळ करायची. गुडघाभर पाणी, चिखलाचे काठ, पाणकणीस, बगळे. सगळ्यांना हे पटलं होतं. फक्त त्या सगळ्यांत खालच्या जागी निलगिरी होती. शेकड्यांनी, सरळ ओळींत, एकाच उंचीची, सैन्यासारखी उभी. तिच्याखाली गवताची काडी नव्हती. जमीन भाजल्यासारखी, वर सालींचे लांबच लांब पापुद्रे पडलेले, चाललं की कागदाचा आवाज येणारे.

ती झाडं लावली होती ती दलदल सुकवायला. तिथं पूर्वी पाणी साचायचं, डास व्हायचे, आणि त्या काळी जगभर सगळे हेच करत होते. निलगिरी लावा, ती जमिनीतलं पाणी पिऊन टाकते. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. जुन्या नकाशावर तसं लिहिलंच होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की ज्यानं ती ओळ न् ओळ उभी केली तो माणूस तिच्या घरी आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेला असतो. बाबा उद्यान खात्यात होते. या एका कामामुळे खात्यातले लोक त्यांना कोरडेसाहेब म्हणायला लागले, आणि पुढे बदलून आलेल्यांना ते त्यांचं खरंच आडनाव वाटायचं. घरी पत्रंसुद्धा त्याच नावानं यायची आणि आत्या पोस्टमनशी भांडायची. खरं आडनाव वेगळं असल्यामुळे तिच्या ऑफिसात कोणाला जोड लागली नाही. तिनं लावून दिली नाही. सुरुवातीला राहून गेलं, आणि मग सांगायची वेळ निघून गेली. पार्टीत एखाद्याचं नाव विचारायचं राहून जातं, आणि पुढे वर्षभर त्याला नुसतं "काय म्हणता" म्हणावं लागतं, तसं.

पण तेवढंच नव्हतं, हे तिला कळत होतं. ती चार-पाच वर्षांची असताना आई तापानं गेली. तिला त्यातलं आठवायचं ते कपाळावरची ओली घडी, पितळेचं भांडं, दाराशी काढलेल्या अनोळखी चपलांची गर्दी. आणि त्यानंतर वर्षाच्या आतच बाबांनी दलदल सुकवायला घेतली. या दोन गोष्टी तिच्यासमोर कोणी कधी एकत्र मांडल्या नव्हत्या, तरी तिनं त्या फार लवकर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मग त्या चिकटून गेल्या. डासांनी आईला नेलं आणि बाबांनी त्या पाण्याला मारलं. घरात कोणी यावर बोलत नाही याचाही अर्थ तिनं लावला होता, की दुःख एवढं मोठं आहे की त्याला झाडांशिवाय दुसरी भाषा नाही. मोठी झाल्यावर, बाबांचं गप्प राहणं सोसेनासं व्हायचं तेव्हा, त्या ओळींची आठवण तिला उपयोगी पडायची. जो माणूस असं काही करू शकतो तो वाढदिवस विसरला तर चालतं. तिचं लग्न मोडलं तेव्हा बाबा स्टेशनवर आले, बॅग उचलली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाही तिनं मनात निलगिरी उभी केली आणि त्यांना माफ करून टाकलं.

आणि मग एक दिवस संगणकावर जमिनीचा सर्वे उघडून तिनं त्याच जागेवर निळा रंग भरला. समपातळीच्या रेषा तिथंच उतरत होत्या, दुसरीकडे पाणी न्यायचं तर पंप लागले असते. "पाण्याला तिथंच जायचंय," ती बैठकीत म्हणाली होती आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य चांगलं होतं. पण पूर्वेच्या कोपऱ्यातही एक खळगा होता, आणि तो आपण तितक्याच काळजीनं तपासला का, याची तिला पुढे कधीच खात्री देता आली नाही. तपासला होता, हे नक्की. हिशेब केला होता. पण हिशेब करताना उत्तर आधीच ठरलेलं होतं का? आपण बाबांच्या कामावर पाणी सोडतोय, हे आतून कुठंतरी आवडत होतं का? हे ती कोणाला विचारणार. आजूबाजूच्या रहिवाशांची सभा झाली तेव्हा एका आजीबाईंनी उठून विचारलं, "पाणी साठवणार म्हणता, आणि डास?" तिनं त्यांना समजावून सांगितलं होतं की साचलेलं आणि वाहतं पाणी वेगळं, अळ्या खाणारे मासे सोडणार, चतुर येतील, काठ असे ठेवणार की डबकी राहणार नाहीत. ते सगळं खरं होतं. बोलताना आपला आवाज किती स्वच्छ लागतोय याचंच तिला नवल वाटत होतं. "मग आधी कशाला सुकवलं होतं?" आजीबाई म्हणाल्या. "ते त्या काळचं धोरण होतं," तिनं उत्तर दिलं.

प्रदर्शनाचे संचालक मात्र झाडं तोडायच्या निर्णयावर अवघडले होते. हिरव्या प्रदर्शनासाठी शेकड्यांनी झाडं तोडायची, हे पेपरवाल्यांना कसं सांगायचं? एक ओळ ठेवू या, आठवण म्हणून, असं त्यांनी सुचवलं. ती म्हणाली, एक ओळ ठेवली तरी ती पाणी ओढत राहणार. लाकूड मात्र बाहेर जाऊ द्यायचं नाही. खोडांचे बाक, पुलांचे खांब, काठाची बांधबंदिस्ती, उरलेल्याचा भुसा वाटांवर. हे संचालकांना आवडलं. पेपरवाल्यांना सांगता येण्यासारखं होतं. मग त्यांना आणखी सुचलं. "ते कोरडेसाहेब म्हणून होते ना लावणारे, त्यांचा उद्घाटनाला सत्कार केला तर? हयात असतील का हो?" ती नकाशाची गुंडाळी करत होती. "असतील कदाचित," ती म्हणाली. कालचीच गोष्ट. आणि आज सकाळी पहिलं झाड पडलं.

पुढचे तीन-चार आठवडे घरात काही झालं नाही. बाबा रेडिओ ऐकत, मावशी त्यांना पेपर वाचून दाखवत आणि मधेमधे स्वतःची मतं घालत, त्यामुळे बाबांच्या डोक्यात जगाचं काय चित्र तयार होत असेल देव जाणे. ती रोज त्या वासात घरी येई आणि बाबा रोज मान थोडी वर करून हुंगत, मग मान खाली घालत. आता ती साइटवरच कपडे बदलून येऊ शकली असती. एक दिवस तसं करायला बॅगेत कपडे भरलेही, आणि मग ते लपवाछपवीसारखं वाटून काढून ठेवले. ठेकेदाराची माणसं चांगली होती, झाड पडायच्या आधी लांबून ओरडून सगळ्यांना हटवायची. ओळीमागून ओळ आडवी झाली. तिला वाटलं होतं की आपल्याला काहीतरी होईल. झालं एवढंच की आकाश वाढत गेलं. रोज थोडं थोडं. शेवटच्या दिवशी ती तिथं उभी राहिली, तेव्हा पलीकडचा बांध आयुष्यात पहिल्यांदा दिसला, आणि तो इतका जवळ होता की तिला चक्क फसवल्यासारखं वाटलं.

"झालं का सगळं?" त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं.

"झालं. खोदाईही बरीच झाली. तळाशी थोडं पाणी यायला लागलंय, आपलं आपण."

"येणारच." मग त्यांनी रेडिओ बंद केला. "रविवारी मला नेशील?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, तिनं मावशींकडे. "तिथं बघण्यासारखं काही नाहीये अजून," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं की आपण काय बोललो. बाबा हसले. मावशीही हसल्या. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणी एकत्र हसलं.

रविवारी काम बंद होतं. फक्त पाण्याची पातळी बघायला दोन मजूर बांधावर होते. चाकाची खुर्ची भुशाच्या वाटेवरून नीट जाईल का याची तिला काळजी होती, कारण वाट तिनंच आखली होती आणि खुर्च्या जातील असं लिहूनही दिलं होतं. गेली. थोडी डगमगली, पण गेली. काठाशी आल्यावर तिनं ब्रेक लावला. बाबांनी टोपी काढली. ऊन तोंडावर घेत ते बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, "उजेड फार आहे."

"झाडं नाहीत ना आता."

"हं."

तिनं ठरवलं की आता बोलून टाकावं. ती शेजारच्या नव्या बाकावर बसली, निलगिरीच्याच, अजून ओलसर असलेल्या. "बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असेल," ती म्हणाली. "मी सांगायला हवं होतं. पण आईमुळे तुम्ही हे सगळं लावलं होतं, म्हणून मला धीर झाला नाही."

बाबांनी चेहरा तिच्या आवाजाकडे वळवला. "आईमुळे म्हणजे?"

"डासांच्या तापानं गेली ना ती."

"कोण म्हणालं?" बाबांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "विषमज्वर होता तिला. गल्लीत चौघा-पाच जणांना झाला होता. नळाच्या पाण्यात गटार मिसळलं होतं. डासांचा काय संबंध."

"मग मला..."

"आत्यानं सांगितलं असेल. आत्याला सगळ्यात डासच दिसायचे. माझी बदली झाली तीही डासांमुळेच म्हणायची."

खुर्चीमागे उभ्या असलेल्या मावशी पदरात हसल्या. ती हसली नाही. "मग झाडं का लावलीत?" तिनं विचारलं, आणि आपला आवाज लहान मुलीसारखा लागला हे तिला ऐकू आलं.

"वरून आदेश आला. सगळीकडेच लावत होते, आम्हीही लावली. धोरण होतं ते. मला पटलं नव्हतं फारसं. पण तुझी आई नुकतीच गेली होती, तेव्हा मला काही पटणं न पटणं राहिलंच नव्हतं. सकाळी उठून कुठंतरी जायला मिळत होतं. ओळीनं खड्डे घ्यायचे, ओळीनं रोपं लावायची. डोक्याला काम नाही."

पन्नाशी उलटेपर्यंत तिनं ज्याच्यावर टेकून हा माणूस समजून घेतला होता, ते अलगद काढून घेतलं गेलं होतं, आणि गंमत म्हणजे ती पडली नव्हती. बाकावर तशीच बसली होती. वाऱ्यानं तळाशी साठलेल्या पाण्यावर बारीक चुणी पडत होती. एक टिटवी, कुठून आली कोण जाणे, उघड्या चिखलात पावलं टाकत चालली होती, जणू ही जागा तिची कधीची बघून ठेवलेली होती. म्हणजे ते दुःखाचं झाड नव्हतं, नुसतं झाड होतं. आणि बाबांचं गप्प राहणंही नुसतं गप्प राहणं. मग आपण माफ केलं ते कोणाला?

"झाडांचं काही नाही," बाबा म्हणाले. "पण सांगायचं होतंस. घरात राहतो आपण एका. मला कपड्यांच्या वासावरून कळावं?"

"हो," ती म्हणाली. "चुकलं. आणि ते तुमचा सत्कार करायचं म्हणत होते. तुम्ही हयात आहात की नाही विचारलं, तर मी असतील कदाचित म्हणाले."

बाबांनी यावर विचार केला. "बरोबरच आहे," ते म्हणाले. "कोरडेसाहेबाचं मलाही नक्की माहीत नाही. उद्या सांगून टाक. सत्कार नको म्हणावं, पण चहा पाजत असतील तर येईन."

मग त्यांनी विचारलं की समोर काय दिसतं. तिनं सांगितलं, मोकळं आहे, खाली थोडं पाणी, पलीकडे बांध. बांधावर ते जुनं दगडी मोरीचं तोंड आहे का, त्यांनी विचारलं. होतं. "तिथं लव्हाळी असायची," ते म्हणाले. "माणसाच्या उंचीची. तू जाऊन बसायचीस त्यात. जेवायला म्हणून यायची नाहीस."

"मी?" ती म्हणाली. "मला तर इकडे फिरकू देत नव्हतात."

"ते नंतर, आत्या आल्यावर. आधी दोघी इथंच असायच्या तुम्ही. तुझ्या आईला घरात करमायचं नाही. ती इथं, या काठाला बसायची, भाजी निवडत, नाहीतर नुसतीच. तू पलीकडे. जेवायची वेळ झाली की ती इथूनच तुला हाक मारायची. मी कामावरून इथूनच तुम्हाला घेऊन जायचो." त्यांनी टोपी मांडीवर उलटी सुलटी केली. "पाणी असलं की आवाज लांब जातो. झाडं वाढली तसा जायचा बंद झाला. मी हे कोणाला बोललो नाही, पण मला ते जाणवायचं, काम करताना. आता जातो का बघायला पाहिजे. जातेस तिकडे?"

"आत्ता?"

"मग कधी?"

ती उठली. बांधाला वळसा घालून जायला वेळ लागला. मुरूम अजून दाबलेला नव्हता, बूट रुतत होते, आणि उतार आराखड्यापेक्षा जरा जास्त झालाय हे तिनं जाता जाता मनाशी टिपलं. दोघे मजूर तिच्याकडे बघत होते. मोरीच्या दगडापाशी पोचून ती वळली. पलीकडे बाबा खुर्चीत बसलेले दिसत होते, लहानसे, शेजारी मावशींची उभी आकृती. तिनं हात वर केला आणि लगेच खाली घेतला. त्यांना काय दिसणार. आता ते तिचं नाव घेऊन ओरडतील, शाळेच्या दाखल्यावरचं, लांबलचक, आणि मजूर हसतील, असं तिला वाटलं. ती थोडी संकोचून उभी राहिली, बाहीवरची माती झटकत.

बाबांनी पाठ ताठ केलेली दिसली. मावशी एक पाऊल मागे सरकल्या. आणि पाण्यावरून आवाज आला तो बाबांचा होता आणि नव्हता. वरच्या पट्टीत चढवलेला, शेवटी हेलकावा देऊन लांब सोडलेला, कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईसारखा.

"ए ठकूऽऽ... ये गं आता."

या नावानं तिला कोणी कधी हाक मारलेली तिला आठवत नव्हती. बाबांनी तर नाहीच. तिनं मागं वळून पाहिलं, मागं कोणी आहे का बघायला. मागं फक्त ऊन होतं आणि बांध. मजुरांनी माना वर केल्या होत्या. टिटवी थबकली होती. ती काहीतरी विचार करणार होती, हे नाव कुठून आलं, हा आवाज कोणाचा, आपल्याला नेमकं काय वाटतंय. पण त्याच्या आधीच, तिनं काही ठरवायच्या आत, तिच्या तोंडून मोठ्यानं ओ गेली.